चुकलेल्या उत्तरालाही त्याचा प्रश्न मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी मुलांच्या पानावर आपण एक कोडं दिलं होतं : बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती? काल त्याचं उत्तर छापून आलं, २०४. खाली बरोबर उत्तर पाठवणाऱ्या मुलांची नावं होती आणि अगदी शेवटी एक ओळ होती : 'अनेकांनी ६४, ६५ आणि १२९६ अशी उत्तरे पाठवली, ती चुकीची आहेत.' या एका ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे. जरा लांबेल, पण आपण ते शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मी माध्यमिक शाळेत ३४ वर्षं गणित शिकवलं. बीजगणित, भूमिती आणि 'किती प्रकारे', 'एकूण किती' अशी मोजणीची उदाहरणं हेच माझं रोजचं काम होतं. त्यामुळे ते तीन आकडे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तीन मुलं उभी राहिली.

६४ लिहिणाऱ्या मुलानं पटावरची लहान घरं मोजली. 'पटावर एका घराएवढे चौरस किती?' या प्रश्नाचं त्याचं उत्तर अचूक आहे. ६५ लिहिणाऱ्याला वाटेत एक मोठी गोष्ट सुचली, की अख्खा पट हासुद्धा एक चौरसच आहे. म्हणजे चौरस लहान-मोठे असू शकतात, हे त्यानं कुणी न सांगता ओळखलं. त्याला पहिली पायरी दिसली, शेवटची दिसली, मधल्या सहा राहिल्या. '१ घराचा घेतलास, ८ घरांचा घेतलास, मग २ घरांच्या बाजूचा का नको?' एवढं विचारायला कुणी शेजारी असतं, तर पुढचं सगळं त्यानंच केलं असतं : २ बाजूचे ४९, ३ बाजूचे ३६, असं करत ८ बाजूचा १. म्हणजे ६४ अधिक ४९ अधिक ३६ अधिक २५ अधिक १६ अधिक ९ अधिक ४ अधिक १, बेरीज २०४.

आणि १२९६! हा आकडा वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पटावर उभ्या रेघा ९ आणि आडव्या रेघा ९ असतात. उभ्यांतल्या कोणत्याही दोन घ्या आणि आडव्यांतल्या कोणत्याही दोन घ्या, मधे एक आयत तयार होतो. ९ रेघांतून २ निवडायचे प्रकार ३६. दोन्हीकडून ३६, म्हणून ३६ गुणिले ३६, म्हणजे १२९६. या मुलानं पटावरचे सगळे आयत मोजले आहेत. हा प्रश्न आपल्या कोड्यापेक्षा अवघड आहे आणि त्याचं उत्तर त्यानं तंतोतंत काढलं आहे. त्याचं चुकलं ते एका शब्दाच्या वाचनात. आपण त्याला 'चुकीचे' या एका शब्दात घरी पाठवलं.

चुकलेलं उत्तर हे बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतं, हे मला नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. तो प्रश्न कोणता, हे शोधून काढलं की मूल कुठे वळलं ते नेमकं दिसतं. मग त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागत नाही. ज्या वळणावर ते चुकलं तिथे नेऊन उभं केलं की पुरतं.

हे मला एका मुलीनं शिकवलं. आठवीच्या घटक चाचणीत उदाहरण होतं : '१०० मीटर लांबीच्या कुंपणासाठी दर ५ मीटरवर एक खांब रोवायचा आहे. एकूण किती खांब लागतील?' उत्तरसूचीत २१ होतं. १०० भागिले ५ म्हणजे २० अंतरं आणि पहिला खांब धरून २१ खांब. वर्गातल्या निम्म्या मुलांनी २० लिहिलं होतं. पेपर वाटताना मी फळ्यावर एक सरळ रेघ मारली, खांब काढून दाखवले, 'बोटं पाच आणि बोटांमधल्या फटी चार' असं हात वर करून समजावलं आणि २० वाल्यांना एक गुण कमी दिला. त्या मुलीनंही २० लिहिलं होतं. ती काही बोलली नाही. वर्ष संपताना, परिमितीची उजळणी चालू असताना, ती हळूच म्हणाली, "बाई, कुंपण तर सगळीकडून असतं ना? मग शेवटचा खांब म्हणजे पहिलाच झाला."

मी तिथेच थांबले. तिनं मनात मैदान आणलं होतं आणि मी रस्ता. बंदिस्त कुंपणाला जितकी अंतरं तितकेच खांब, म्हणजे २०. प्रश्नाच्या शब्दांकडे नीट पाहिलं, तर तिचंच उत्तर जास्त बरोबर होतं. चूक उदाहरणाच्या भाषेत होती, आणि ती पाच-सहा महिने मनात 'माझंच काहीतरी चुकतंय' असं धरून बसली होती. मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली आणि गुणही वाढवून दिला. पण मधल्या महिन्यांत फळ्याजवळ यायला ती जी कचरायला लागली होती, ते कोणत्या गुणानं भरून काढणार होते मी?

त्या दिवशी घरी येताना मी एक दोनशेपानी वही घेतली. डाव्या पानावर मुलाचं चुकलेलं उत्तर आणि उजव्या पानावर, ज्या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर आहे तो प्रश्न. हा नेम निवृत्तीपर्यंत चालला. अशा सात वह्या झाल्या. त्यांतली काही पानं आपल्या वाचकांसमोर ठेवावीशी वाटतात.

मोजणीच्या पानांवर सर्वांत जास्त वेळा भेटणारं उत्तर ९० आहे. '१० जण एकमेकांशी एकेकदा हस्तांदोलन करतात, एकूण हस्तांदोलनं किती?' उत्तर ४५. मुलं म्हणतात, प्रत्येक जण ९ जणांशी, म्हणून १० गुणिले ९, म्हणजे ९०. आता हेच १० जण एकमेकांना एकेक पत्र लिहितील, तर पत्रं ९० होतील. मी तुम्हाला लिहिलेलं पत्र आणि तुम्ही मला लिहिलेलं पत्र ही दोन वेगळी पत्रं. पण माझा हात तुमच्या हातात आणि तुमचा हात माझ्या हातात हे एकच हस्तांदोलन. पत्र आणि हस्तांदोलन यांतला हा फरक मुलाला एकदा बोटात जाणवला की '२ नं का भागायचं' हे त्याला सूत्र म्हणून पाठ करावं लागत नाही. 'कनक' या शब्दातल्या अक्षरांच्या मांडण्या किती, याला ६ उत्तर आलं तेव्हाही मी एक क लाल खडूनं लिहिला, एक पांढऱ्यानं, आणि सहाच्या सहा मांडण्या फळ्यावर काढल्या. मग ओल्या फडक्यानं दोन्ही क पुसून एकाच खडूनं पुन्हा लिहिले. मुलांच्या समोर सहाच्या तीन झाल्या : कनक, ककन, नकक. खडूचे रंग वेगळे असते तर सहा बरोबर होतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

एका उत्तरानं मात्र मला दोन दिवस झोपू दिलं नाही. अष्टकोनाचे कर्ण किती, असं विचारलं होतं. एका शिरोबिंदूतून निघणारे कर्ण ५, कारण तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी वगळायचे. ८ गुणिले ५ म्हणजे ४०, आणि प्रत्येक कर्ण दोन टोकांकडून दोनदा मोजला गेला म्हणून निम्मे, २०. यात मुलं ४० लिहितात, ते समजतं : निम्मे करायचं राहिलं. २८ लिहितात, तेही समजतं : ८ बिंदूंना जोडणारे सगळे रेषाखंड मोजले, बाजू वजा करायच्या राहिल्या. पण एका मुलानं २४ लिहिलं होतं आणि रीत अशी होती : '८ गुणिले ६, भागिले २'. ६ कुठून आणला? तो स्वतः जाऊन उरले ७, त्यातून त्यानं एकच आणखी वगळला होता. शेजारी दोन असताना एकच का वगळावा?

दुसऱ्या रात्री त्याच्या पेपरावरची पुसट पेन्सिलची आकृती पुन्हा पाहिली तेव्हा कळलं. त्यानं प्रत्येक बिंदूच्या बरोबर समोरचा बिंदू वगळला होता. मधून जाणाऱ्या चार लांब रेघा एकाच ठिकाणी एकमेकींना छेदतात, आकृतीत गचडी होते, म्हणून त्या त्यानं काढल्याच नव्हत्या. आणि बाजूंनाही तो कर्ण समजत होता. म्हणजे दोन गैरसमज, आणि दोन्ही अगदी वेगळे! मी उजव्या पानावर लिहिलं : '४ जोडपी जमली आहेत. आपल्याच जोडीदाराशी सोडून प्रत्येक जण बाकी सगळ्यांशी हस्तांदोलन करतो. एकूण हस्तांदोलनं किती?' उत्तर २४. दुसऱ्या दिवशी हा प्रश्न वर्गात घातला आणि सोडवायला त्यालाच उठवलं. त्यानं खडू घेतला, आठ बिंदू काढले, समोरासमोरचे जोडीदार ठरवले आणि त्याच रीतीनं २४ काढून दाखवलं. मग मी एवढंच विचारलं, "आता कर्ण म्हणजे काय, ते सांग." तो फळ्याकडे बघत राहिला आणि स्वतःच बाजू पुसायला लागला.

बीजगणिताची पानं उघडली की पहिलं नाव (अ + ब)² याचं. त्याचं उत्तर अ² + ब² असं लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात, प्रत्येक वर्षी असतात. 'मधलं पद विसरलास' असं आपण म्हणतो. विसरायला ते त्याला कधी दिसलं होतं का, हे विचारत नाही. मी अ ला ३ आणि ब ला ४ घेऊन ७ बाजूचा चौरस कागदातून कापायला लावायची. त्यात ३ बाजूचा चौरस ९ चा, ४ बाजूचा १६ चा, आणि उरतात दोन आयत, प्रत्येकी १२ चे. ९ अधिक १६ अधिक २४ म्हणजे ४९. मुलाचं उत्तर २५ होतं, म्हणजे दोन आयत त्याच्या हातून निसटले. इथपर्यंत पुष्कळ शिक्षक करतात. पण २५ हे कशाचं बरोबर उत्तर आहे, हे शोधायला गेलं की खरी गंमत हाती लागते. ते दोन आयत कर्णावर कापा. चार काटकोन त्रिकोण मिळतात, बाजू ३, ४ आणि ५. हे चारही त्रिकोण त्याच ७ बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत बसवा, काटकोन कोपऱ्यात, आणि एका त्रिकोणाची ३ ची बाजू जिथे संपते तिथे दुसऱ्याची ४ ची सुरू होईल असे. मधे जी जागा उरते ती एक तिरका चौरस, त्याची बाजू ५ आणि क्षेत्रफळ २५. मुलाचं चुकलेलं उत्तर तिथे, चौरसाच्या पोटात, तिरकं बसलेलं असतं! आणि हीच तर पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता झाली. एका नेहमीच्या चुकीच्या पोटातून भूमितीतलं सर्वांत मोठं प्रमेय निघतं. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कागदाचे ते चार त्रिकोण कितीतरी वेळ टेबलावर इकडून तिकडे सरकवत बसले होते.

वर्गसमीकरणांत चुका दोन बाजूंच्या असतात. एक, उत्तर हरवतं. क्ष² = ५क्ष दिलं की मुलं दोन्ही बाजूंना क्ष नं भागतात आणि क्ष = ५ लिहून मोकळी होतात. क्ष = ० हे उत्तर भागाकारात निघून गेलं. 'शून्य नसलेली अशी कोणती संख्या, जिचा वर्ग तिच्या पाचपट आहे?' या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं. दोन, नको असलेलं उत्तर येऊन बसतं. क्ष + ६ चं वर्गमूळ क्ष आहे, तर क्ष किती? दोन्ही बाजूंचा वर्ग केला, अवयव पाडले, ३ आणि उणे २ अशी उत्तरं आली. आता ताळा कुठे करायचा? मुलं शेवटून दुसऱ्या ओळीत करतात, तिथे दोन्ही उत्तरं बसतात. ताळा नेहमी दिलेल्या पहिल्या ओळीत करायचा. तिथे उणे २ घातलं तर डावीकडे ४ चं वर्गमूळ २ आणि उजवीकडे उणे २. बसत नाही. मग हे उणे २ आलं कुठून? 'क्ष + ६ चं वर्गमूळ उणे क्ष आहे' अशा समीकरणाचं ते उत्तर आहे. वर्ग केल्यावर दोन्ही समीकरणं सारखी दिसायला लागतात, म्हणून पाहुणा आत आला.

शाब्दिक उदाहरणांत तर आलेलं ऋण उत्तर मुलं न बघताच खोडतात आणि आपणच त्यांना तसं शिकवतो. आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ नं जास्त, क्षेत्रफळ ८४, तर रुंदी किती? ७ किंवा उणे १२. 'रुंदी ऋण नसते, म्हणून उणे १२ त्याज्य.' वाक्य खरं आहे. पण त्या १२ कडे बघा तरी! आयताची लांबी १२ आहे. रुंदीऐवजी लांबी क्ष मानून हेच उदाहरण पुन्हा सोडवा. उत्तरं येतात १२ आणि उणे ७. जी बाजू आपण विचारली नाही, तीच उणे चिन्ह लावून दारात उभी असते.

भास्कराचार्यांनी १२व्या शतकात 'बीजगणित' या ग्रंथात वानरांचं एक उदाहरण दिलं आहे, ते मला या बाबतीत फार जवळचं वाटतं. कळपाचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून ३ वजा करायचे, आलेल्या संख्येचा वर्ग इतकी वानरं गुहेत गेली. एक फांदीवर चढलेलं दिसतं आहे. तर कळप किती वानरांचा? समीकरण सोडवलं की ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. ५० पडताळा : पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १, पन्नास. आता ५ पडताळा : पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले तर उणे २, वर्ग ४, अधिक १, पाच. आकडेमोडीत हेही बसतं. भास्कराचार्यांनी दुसरं उत्तर लपवलं नाही. दोन्ही काढून दाखवली आणि ५ का घ्यायचं नाही ते सांगितलं : ऋण झालेली वानरं लोकांना पटायची नाहीत. मी त्यापुढे वर्गाला विचारायची, ५ बरोबर यावं म्हणून उदाहरणातले कोणते शब्द बदलाल? एका वर्षी मागच्या बाकावरून उत्तर आलं : "पाचव्या भागातून ३ वजा करण्याऐवजी ३ मधून पाचवा भाग वजा करायचा." ३ वजा १ म्हणजे २, वर्ग ४, आणि फांदीवरचं एक धरून ५. नाकारलेल्या उत्तराला त्याचा प्रश्न मिळाला.

भूमितीत आकृतीच फसवते. 'कोणताही त्रिकोण' म्हटलं की मुलं अशी देखणी आकृती काढतात की तो समभुजच होतो. मग मध्यगा, लंब आणि कोनदुभाजक सगळे एकावर एक येतात आणि नसलेल्या गोष्टी सिद्ध होतात. मी अशा सिद्धतेवर काट मारायचं सोडलं. खाली लिहायची, 'समभुज त्रिकोणासाठी बरोबर. आता बाजू ५, ६, ७ घेऊन काढ.' सगळ्या बाजू दुप्पट केल्या तर क्षेत्रफळ दुप्पट होतं, असं म्हणणाऱ्याला परिमिती विचारावी. क्षेत्रफळ चौपट होतं. जाताना ताशी ४० आणि त्याच वाटेनं येताना ताशी ६० किलोमीटर वेग, तर सरासरी वेग ५० सांगणाऱ्यानं अंतर सारखं असण्याऐवजी वेळ सारखा धरला. अंतर सारखं असताना उत्तर ४८ येतं, कारण हळू जाण्यात जास्त वेळ जातो.

सगळ्याच चुकांमागे प्रश्न दडलेला असतो असं माझं म्हणणं नाही. सात आठे चोपन्न लिहिलं तर ती पाढ्याची चूक, उदाहरण उतरवताना ३ चा ८ झाला तर ती डोळ्यांची चूक. त्यामागे अर्थ शोधत बसू नये. आणि चुकलेल्या उत्तराला गुण द्या, असंही मी कधी म्हटलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. प्रश्न नीट वाचणं हे गणिताचंच काम आहे. पण फुली मारून पुढे जाणं आणि फुली मारून 'हे कशाचं उत्तर आहे सांग बघू' असं विचारणं, यांत मुलाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात त्याला कळतं की आपल्याला येत नाही. दुसऱ्यात त्याला कळतं की आपल्याला काय येतं.

शाळेत हे रोज करणं अवघड आहे, याची मला जाणीव आहे. वर्गात साठ मुलं, तास ३५ मिनिटांचा, अभ्यासक्रम संपवायचा. मी स्वतः आठवड्यातून एखाद्याच उत्तराला वेळ देऊ शकायची. म्हणूनच आपल्याला लिहिते आहे. आपलं पान आठवड्यातून एकदा येतं, त्याला तासाची घंटा नाही आणि आपल्याकडे येणारी उत्तरं कोणत्याही शिक्षकापेक्षा कितीतरी जास्त मुलांची असतात. बरोबर उत्तराच्या शेजारी दोन बोटं जागा राखून ठेवा. आलेल्या चुकीच्या उत्तरांतलं एक निवडा, पाठवणाऱ्याचं नाव न देता छापा आणि वाचकांनाच विचारा : हे कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे? मुलं सूत्र शोधणं सोडून समोरच्याचा विचार शोधायला लागतील. उदाहरण उलट्या बाजूनं सोडवताना त्यांना ते जास्त खोलवर कळतं, हे मी वर्गात पाहिलं आहे. निवडायला मदत लागली तर माझ्या सातही वह्या आपल्या हवाली करायला मी तयार आहे.

आणखी एक. आपण छापलेल्या तीन चुकीच्या उत्तरांत १४० नव्हतं. ते उत्तर पाठवणारा सातवीतला मुलगा आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो. काल संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन तो माझ्याकडे आला, चेहरा पडलेला. "माझं तर चुकीच्यांतही नाही छापलं," म्हणाला. मी त्याला त्याची बेरीज मांडायला सांगितली. ४९ अधिक ३६ अधिक २५, असं करत १ पर्यंत. ६४ ची लहान घरं त्यानं धरलीच नव्हती. का, विचारलं तर म्हणाला, "ती तर दिसतातच ना, ती काय मोजायची?" मग मी विचारलं, "१४० बरोबर येईल असा पट मला काढून दाखव." तो पेन्सिल घेऊन बसला. सहा घरांचा पट काढला, बेरीज ९१ आली, खोडला. मग सात घरांचा काढला, एकेक बाजूचे चौरस मोजत गेला आणि ४९ पासून १ पर्यंतची तीच बेरीज पुन्हा मांडली गेल्यावर बेरीज न करताच माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, हा माझा पट!"

१२९६ ची हकीकतही मी त्याला सांगितली. आज सकाळपासून तो त्याच सात घरांच्या पटावर आयत मोजतो आहे. रेघा ८ उभ्या, ८ आडव्या, इथवर त्याचा तो आला आहे. पुढचं मी सांगितलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका